अँथुरियम लावताना: आधी जागा, मग मिश्रण, रोप सगळ्यात शेवटी

पावसाळ्याच्या तोंडाशी माझ्याकडे निरनिराळ्या घरांतून जवळपास एकच फोटो येतो. मातीची देखणी कुंडी, तिच्यात लाल माती आणि शेणखत काठोकाठ भरलेलं, मधोमध पिवळी पडत चाललेली अँथुरियमची तीन पानं. फोटोखाली प्रश्न: ‘पाणी रोज घालतो, मग कमी काय पडतंय?’ कमी काहीच पडत नाहीये. माती, पाणी, खत, सगळंच जास्त झालंय.

रोप आवडतं म्हणून घ्यायचं, घरी आल्या आल्या मोठ्या कुंडीत लावायचं, दुसऱ्या दिवशी खत घालायचं आणि मग ते कुठे शोभून दिसेल ते बघायचं, असं बहुतेकांचं चालतं. हा क्रम उलटा करा, निम्मं काम तिथेच होतं.

अँथुरियम अळूच्याच कुळातलं. पण अळूला चिखल चालतो, याला नाही. कोलंबिया आणि इक्वेडोरमधल्या ओल्या जंगलांत ते कुजक्या पालापाचोळ्यात, झाडांच्या सालींच्या आधाराने वाढतं. त्याची मुळं जाड, दोरीसारखी असतात आणि त्यांना ओलावा न्‌ हवा एकाच वेळी लागते. माती गच्च बसली की हवा संपते आणि मूळ गुदमरतं. पुढच्या सगळ्या पायऱ्या याच एका गोष्टीवर उभ्या आहेत.

आधी जमवून ठेवा (एका ८ इंची कुंडीसाठी)

- दोन-तीन सुक्या नारळांची सोडणं
- लाकडी कोळसा, साधारण दोन ओंजळी. इस्त्रीवाल्याकडे मिळतो तोच. ठोकून शेंगदाण्याएवढे तुकडे करा, भुकटी आणि राख टाकून द्या.
- विटांचे बोराएवढे तुकडे, तेवढेच. परलाइट (कुंडीसाठी मिळणारे हलके, पांढरे खनिजाचे दाणे) असेल तर तेही चालेल.
- धुतलेलं कोकोपीट (नारळाच्या सोडणाचा भुसा), दोन ओंजळी
- धारदार कात्री आणि ती पुसायला स्पिरिट
- हातमोजे. याचा चीक अळूसारखाच खाजतो. लहान मुलं किंवा मांजर असेल, तर कुंडी त्यांच्या तोंडाला लागणार नाही अशी उंचावर ठेवा.

## १. जागा आठ दिवस आधी ठरवा

‘सावलीत ठेवा’ असं ऐकून लोक अँथुरियम दिवाणखान्याच्या कोपऱ्यात, टीव्हीशेजारी नेऊन ठेवतात. तिथे ते वर्षभर जगतं, पण फुलत नाही. त्याला भरपूर उजेड हवा, फक्त थेट ऊन नको. व्यापारी लागवडीत ७५ टक्क्यांच्या हिरव्या जाळीखाली याची शेतं असतात, म्हणजे उन्हाचा चौथा हिस्सा तरी झाडापर्यंत पोचतोच.

जागा तपासायची युक्ती सोपी आहे. दुपारी बाराच्या सुमारास जिथे कुंडी ठेवायची, तिथे पांढरा कागद ठेवा आणि त्याच्यावर वीतभर उंचीवर हात धरा. सावली मऊ कडांची पण ओळखू येण्याजोगी पडली, तर जागा चांगली. रेखीव, काळी पडली तर ऊन जास्त आहे. पडलीच नाही तर फुलांची आशा सोडा.

पूर्वेच्या गॅलरीत सकाळचं आठ-साडेआठपर्यंतचं कोवळं ऊन चालतं. पश्चिमेला जाळी लावल्याशिवाय ठेवू नका. दक्षिण आणि उत्तर मात्र फसवतात. जुलैत सावलीत असलेल्या दक्षिणेच्या गॅलरीत डिसेंबरमध्ये सूर्य खाली उतरतो आणि भरदुपारी ऊन थेट आत येतं. उलट, साधारण मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत मुंबईत सूर्य डोक्याच्या उत्तरेकडे झुकलेला असतो, त्यामुळे एरवी थंड असणाऱ्या उत्तरेच्या खिडकीतही ऊन शिरतं. जागा एकदा ठरवली म्हणजे वर्षाची निश्चिंती झाली असं समजू नका.

> सावध: एसीच्या बाहेरच्या युनिटसमोर किंवा आतल्या झोतात कुंडी नको. पानांच्या कडा आठवड्याभरात कागदासारख्या वाळतात आणि दोष मात्र पाण्यावर जातो.

## २. रोप घेताना फुलांकडे शेवटी बघा

नर्सरीत नजर लाल फुलावर जाते. त्याच्यावर काहीच ठरत नाही. ज्याला आपण फूल म्हणतो ते मुळात रंगीत पान आहे, खरी बारीक फुलं मधल्या कणसावर असतात. आधी पानं उलटी करून उजेडाकडे धरा. कडेजवळ पाणी मुरल्यासारखे, तेलकट ठिपके आणि भोवती पिवळी किनार दिसली, तर ते रोप खाली ठेवा आणि त्याच्या शेजारचंही घेऊ नका. हा जिवाणूजन्य करपा. याच्यावर औषध नाही. रोप उपटून पिशवीत बांधून फेकणं एवढाच उपाय, आणि कंपोस्टच्या डब्यात तर ते मुळीच टाकायचं नाही.

मग खोड हलकेच हलवून बघा. कुंडीत घट्ट बसलेलं हवं. मधून नवं पान गुंडाळी सोडवत असेल तर उत्तम. कोवळी पानं सुरुवातीला तांबूस, चकचकीत असतात. तो रोग नव्हे.

घरी आणल्यावर दोन आठवडे इतर कुंड्यांपासून लांब ठेवा, आणि एवढ्या दिवसांत कुंडी बदलू नका. जाळीच्या दमट हवेतून आलेल्या झाडाला आधी तुमच्या घरची हवा मानवू दे.

## ३. मिश्रण: सगळा खेळ इथे आहे

बाजारात ‘पॉटिंग मिक्स’ म्हणून मिळणारी पिशवी तुळशीला, जास्वंदीला ठीक. अँथुरियमसाठी मिश्रण घरीच करा.

सोडणं. कोयत्याने अंगठ्याच्या पेराएवढे तुकडे करा. कोकणात घरोघरी सोडणाचा ढीग असतो. शहरात नारळवाल्याला सांगून ठेवलं तर तो फुकट देतो आणि वर चौकशीही करतो की याचं करणार काय. तुकडे बादलीत बुडवा, वर दगड ठेवा. पाणी चहासारखं तपकिरी होईल. ते रोज ओतून नवं भरा. चार-पाच दिवसांनी रंग फिका पडला की तुकडे तयार.

हे धुणं टाळू नका. सोडणात आणि कोकोपीटमध्ये क्षार असतात, शिवाय सोडणातला तो तपकिरी रस कोवळ्या मुळांना सोसत नाही. माझ्या पहिल्या दोन कुंड्या याच आळसात गेल्या. कोकोपीटची वीट फुगवली, तशीच भरली, आणि महिन्याभरात प्रत्येक पानाचं टोक कोणी मेणबत्तीवर धरल्यासारखं तपकिरी झालं. तेव्हा मला ते पाणी कमी पडल्याचं लक्षण वाटलं, म्हणून मी पाणी वाढवलं. पुढचं सांगायला नको.

कोकोपीट. फुगवून जुन्या सुती फडक्यात बांधा, तीन-चार वेळा धुऊन पिळा.

प्रमाण. सोडणाचे तुकडे तीन भाग, कोळसा एक भाग, विटांचे तुकडे एक भाग, कोकोपीट एक भाग. हे प्रमाण मुंबई, ठाणे, कोकण आणि गोव्याच्या दमट हवेसाठी. पुणे, नाशिक, छत्रपती संभाजीनगरकडे कोकोपीट दीड भाग घ्या. नागपूर-अकोल्याच्या उन्हाळ्यात दोन भागही चालेल, पण त्यापुढे जाऊ नका.

माती? चिमूटभरही नाही. शेणखत, गांडूळखतही मिश्रणात नको. ते भिजलं की सोडणांमधल्या फटी बुजवतं, आणि या फटींसाठीच तर एवढा खटाटोप चाललाय.

> तपासा: मिश्रण रिकाम्या कुंडीत भरा आणि तांब्याभर पाणी एकदम ओता. पाच-सात सेकंदांत ते तळातून वाहायला लागलं पाहिजे. वर तळं साचलं तर कोकोपीट जास्त झालंय, सोडणं वाढवा. मग मूठभर मिश्रण दाबून बघा: हात ओला व्हावा, पण पाणी गळू नये.

## ४. कुंडी लहानच बरी

आत्ताच्या कुंडीपेक्षा फार तर दोन इंच मोठी. ‘पुढे वाढेल’ म्हणून बारा इंची कुंडी घेतली, की मुळं पोचत नाहीत तिथलं मिश्रण दिवसेंदिवस ओलं राहतं आणि सड तिथूनच सुरू होते. दमट हवेत मातीची कुंडी, कोरड्या हवेत प्लास्टिकची. तळाला निदान चार-पाच भोकं हवीत. खाली बशी ठेवणार असाल, तर पाणी घातल्यावर अर्ध्या तासाने ती रिकामी करायची जबाबदारी घरात कोणाची, ते आधीच ठरवा.

## ५. लावणी

मुहूर्त बघायचाच तर जूनचा दुसरा पंधरवडा ते सप्टेंबर. हवा दमट, ऊन नरम, आणि झाड वाढीत असतं. एप्रिल-मेच्या कोरड्या उन्हात आणि डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत कुंडी बदलू नका. मुळं सडताहेत अशी खात्री असेल, तरच अपवाद.

1. आदल्या दिवशी रोपाला पाणी घाला. कोरडी मुळं काडकन मोडतात.
2. कुंडी आडवी धरून बाजूंवर थापट्या मारा आणि रोप अलगद सरकवा. देठाला धरून ओढू नका.
3. मुळांचा गोळा बोटांनी सैल करा. ऊतिसंवर्धित (प्रयोगशाळेत टिश्यू कल्चरने वाढवलेल्या) रोपांच्या गाभ्यात पुष्कळदा जाळीची किंवा स्पंजासारख्या फोमची एक बारकी गुंडी सापडते. रोप लहान असताना ते तिच्यातच वाढवलेलं असतं. नेमकी तिथे ओल धरून राहते. मुळं न तोडता निघेल तेवढी कात्रीने कापून काढा, उरलेली राहू द्या.
4. आता मुळं नीट बघा. निरोगी मूळ पांढरट, जाड आणि टणक. सडलेलं मूळ चिमटीत धरून ओढलं की वरची साल मोज्यासारखी निघून हातात येते, आत नुसता दोरा उरतो, आणि वास येतो. अशी सगळी मुळं कापा. दर कापानंतर कात्री स्पिरिटने पुसा.
5. तळाला सोडणाचे मोठे तुकडे अंथरा. रोप मधोमध धरा. जिथून नवी पानं फुटतात तो शेंडा मिश्रणाच्या वर राहिला पाहिजे. खोडावरची हवाई मुळं मात्र आत घ्या.
6. भोवतीने मिश्रण सोडा, कुंडी जमिनीवर दोनदा आपटा. हाताने दाबू नका. रोप डुलत असेल तर एका काठीला सैल बांधा.
7. तळातून स्वच्छ पाणी येईपर्यंत एकदा भरपूर पाणी घाला.

पुढचे दोन आठवडे कुंडी नेहमीपेक्षा थोड्या गडद सावलीत ठेवा. एखादं जुनं पान पिवळं पडेल, पडू द्या. आधीची फुलं कापून टाकलीत तर झाडाची ताकद मुळांकडे जाते. हे कोणी ऐकत नाही, तरी मी सांगत असतो. निदान अर्धी तरी कापा.

> सावध: महिनाभर खत नाही. ‘जरा टॉनिक’ म्हणूनही नाही.

## ६. पाणी: कॅलेंडर बघून नव्हे, कुंडी उचलून

दर दोन दिवसांनी की तीन, असं विचारू नका. पाणी घातल्यावर लगेच कुंडी दोन्ही हातांनी उचला आणि ते वजन लक्षात ठेवा. चार दिवस रोज उचलून बघा. कुंडी ठळकपणे हलकी लागली, आणि बोट दोन पेरं आत घातल्यावर गार लागलं पण ओलं लागलं नाही, की पाण्याची वेळ झाली. वाफसा ज्याला म्हणतात, तोच इथे कुंडीत बघायचा.

अंदाजापुरतं सांगायचं तर मुंबईत पावसाळ्यात पाच-सहा दिवसांनी, हिवाळ्यात चार दिवसांनी, आणि पुण्याच्या मेमध्ये एक दिवसाआड, कधी रोजही. घालाल तेव्हा तळातून वाहेपर्यंत घाला. रोज अर्धी वाटी वरून शिंपडायची सवय सर्वांत वाईट; वर ओलं, आत कोरडं, आणि क्षार तिथल्या तिथे साठत जातात.

बोअरचं जड पाणी असेल, तर काही महिन्यांत कुंडीच्या काठावर पांढरी पुटं आणि पानांच्या टोकांना करपलेपण दिसतं. अशा ठिकाणी पावसाचं पाणी ड्रममध्ये साठवा, किंवा आरओच्या पाण्यात निम्मं बोअरचं मिसळा. आणि महिन्यातून एकदा कुंडीच्या आकाराच्या तिप्पट पाणी सावकाश ओतून क्षार धुऊन काढा.

पानं ओल्या फडक्याने पुसली की धूळ जाते आणि लाल कोळी ही पानांतला रस शोषणारी बारीक कीडही आटोक्यात राहते. दुधाने, तेलाने पुसू नका. चकाकतात खरी, पण चिकट थरावर धूळ आणखी बसते. फवारा मारायचाच तर सकाळी. रात्रभर पानांच्या बेचक्यांत पाणी साचलं, की बुरशी आणि जिवाणू दोघांनाही आमंत्रण.

> तपासा: सकाळी पानाच्या टोकाशी पाण्याचा थेंब लोंबतोय? ते घाबरण्यासारखं नाही. रात्री जादा झालेलं पाणी झाड असं बाहेर टाकतं. पान मलूल दिसलं आणि कुंडी जड लागली, तर मात्र मुळं सडताहेत. अशा वेळी पाणी घालणं म्हणजे बुडणाऱ्याच्या तोंडात तांब्या ओतणं.

## ७. खत थोडं, पातळ, नियमाने

सोडणात आणि कोळशात पोषण जवळजवळ नसतंच, म्हणून खत द्यावं लागतं. १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात) हे पाण्यात विरघळणारं खत लिटरला अर्धा ग्रॅम, पंधरा दिवसांतून एकदा, ओल्या मिश्रणावर. मधल्या पंधरवड्यात कॅल्शियम नायट्रेट लिटरला अर्धा ग्रॅम. दोन्ही एकाच बाटलीत कालवू नका, पांढरा साका बसतो आणि दोन्ही वाया जातात. कॅल्शियम कमी पडलं की फुलाच्या लाल पानाच्या कडेला मळकट, तपकिरी डाग येतात. महिन्यातून एकदा एप्सम सॉल्ट (मॅग्नेशियम सल्फेट) लिटरला एक ग्रॅम. कडाक्याच्या थंडीत आणि ऐन उन्हाळ्यात खत अर्ध्यावर आणा.

चहाचा चोथा, ताक, तांदळाचं धुवण, कांद्याच्या सालींचं पाणी: यातलं काहीही या कुंडीत नको. सोडणांत अडकून आंबतं आणि चिलटं होतात.

> सावध: तांब्याची बुरशीनाशकं अँथुरियमला सोसत नाहीत. सुपारीच्या वाडीत खाली अँथुरियम लावलं असेल, तर पावसाळ्यात सुपारीवर बोर्डो मिश्रण (मोरचूद आणि चुना, म्हणजे तांबंच) मारताना खालची झाडं झाकून घ्या, म्हणजे पानं भाजणार नाहीत.

## ८. पानं भरपूर, फूल नाही

या झाडाचा हिशेब सरळ आहे. वयात आलेल्या झाडाच्या प्रत्येक पानाच्या बेचक्यातून एक फूल येतं. पान नाही, तर फूल नाही. म्हणून ‘जुनी’ म्हणून हिरवीगार पानं छाटणं बंद करा. निदान चार-पाच पानं अंगावर हवीत.

पानं येताहेत पण फूल येत नाही, तर याच क्रमाने तपासा. आधी उजेड: देठ लांबलचक आणि पानं गडद हिरवी झाली असतील तर कुंडी खिडकीकडे दोन फूट सरकवा आणि दीड-दोन महिने थांबा. मग नत्र: युरिया किंवा शेणाची स्लरी चालू असेल तर बंद. शेवटी रोपाचं वय. बाळरोपाला वेळ लागतोच. बहुतेक लोक नेमकं शेवटून सुरू करतात, म्हणजे ‘फुलांचं औषध’ आणतात.

फूल झाडावर दीड-दोन महिने टिकतं आणि मग हिरवट होत जातं, ते त्याचं म्हातारपण. कोवळं फूलच हिरवट निघालं, तर उजेड कमी किंवा नत्र जास्त. फुलदाणीसाठी कापायचं असेल तर मधल्या कणसाचा निम्म्याहून अधिक भाग खालून वर खरखरीत झालेला बघून कापा. त्याआधी कापलेलं फूल लवकर मान टाकतं. बी धरू देऊ नका, त्यात झाड थकतं.

## ९. तीन ऋतूंतल्या तीन गोष्टी

उन्हाळा. ३५ अंशांच्या वर पानं आणि फुलं भाजायला लागतात. कुंडी भिंतीपासून वीतभर लांब घ्या, कारण तापलेली भिंत रात्रीपर्यंत उष्णता सोडत राहते. आजूबाजूला इतर कुंड्या दाटीने ठेवा, खाली ओली वाळू किंवा विटांचे तुकडे भरलेलं परात-ताट ठेवा.

पावसाळा. थेट धारेखाली कुंडी नको. शंखातल्या गोगलगायी रात्री येऊन कोवळी पानं कुरतडतात. टॉर्च घेऊन रात्री नऊनंतर एक फेरी मारणं हे कुठल्याही औषधापेक्षा उपयोगी.

हिवाळा. १५ अंशांच्या खाली वाढ थांबते. नाशिक-पुण्याकडच्या थंड रात्री कुंडी घरात घ्या, आणि पाणी दुपारी द्या.

## १०. मान लांबली की

तीन-चार वर्षांनी खालची पानं गळत जातात आणि वर उघडं खोड उरतं, त्याच्या टोकाला पानांचा झुबका. खोडावर बोटभर लांबीची हवाई मुळं दिसतील. त्यांच्यावर ओलं केलेलं शेवाळ किंवा सोडणाचा काथ्या गुंडाळून सुतळीने सैल बांधा आणि महिना-दीड महिना ओलं ठेवा. मुळं काथ्यात शिरली की त्यांच्या खाली स्वच्छ कात्रीने खोड कापा, वरचा भाग काथ्यासकट नव्या कुंडीत वरच्या ‘लावणी’प्रमाणे लावा. कापाला कोळशाची पूड लावा.

खालचा उरलेला ठोंब फेकू नका. त्याला सावलीत ठेवून फक्त मिश्रण ओलसर राहील एवढंच पाणी द्या. दोन-तीन महिन्यांत बाजूने फुटवे येतात. फुटव्याला स्वतःची तीन पानं आणि दोन-तीन मुळं आल्याशिवाय त्याला वेगळं करू नका.